इंग्लंडमधली माझी गल्ली

शेख काकू म्हणाल्या, जशी बोलतेस तशीच लिही, वेलांट्या आम्ही बघून घेऊ. म्हणून लिहितेय. ओवी झोपलीय पण कधी उठेल सांगता येत नाही, त्यामुळे मधेच काही तुटलं तर समजून घ्या.

शेख काकू म्हणजे आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या, दिवाळी अंक त्याच काढतात. त्यांची माझी ओळख मंडळाच्या बसमध्ये झाली, आपण सगळे पानिपतला काला अंबच्या स्मारकाला गेलो होतो तेव्हा. ओवी त्यांच्या शालीवर ओकली. मी इतकी घाबरले की माझ्या ओढणीनं त्यांची शाल पुसायला लागले आणि दोन्ही खराब केल्या. त्यांनी शाल गुंडाळून पिशवीत टाकली आणि विचारलं, "तू काय करतेस गं?"

मी म्हटलं, "मतं मागते."

"कोणासाठी?"

"इंग्लंडमधल्या नगरपालिकेसाठी."

खाली उतरल्यावर सगळे स्मारकासमोर हात जोडून उभे, आणि काकू मला बाजूला घेऊन विचारतायत, म्हणजे नक्की करतेस काय ते सांग.

तर नक्की काय ते सांगते. मी गुरुग्रामला एका ऑफिसात बसून इंग्लंडला फोन करते. मी नवापूरची. आमच्याकडे घरात मराठी आणि बाजारात गुजराती, आमचं स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात नि अर्धं गुजरातेत आहे. दहावी झाले, अकरावी अर्धी झाली, मग लग्न झालं. ओवीचे पप्पा दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनात कँटीनला आहेत, ठेकेदाराकडे. पहाटे जातात, रात्री येतात. खोली गुरुग्राममध्येच चक्करपूरला, त्यांच्या मामेभावाची. ओवी झाली आणि मी त्या खोलीत तिला घेऊन नुसती बसून असायचे, बाहेर जायची भीती वाटायची, हिंदी पण तेव्हा अशीतशीच होती. मग कोणीतरी सांगितलं, एका ऑफिसात गुजराती बोलणारी बाई पाहिजे.

ऑफिस चालवणाऱ्या सिम्मी मॅमनी मला बघितलं, कडेवरची ओवी बघितली. "गुजराती आती है?"

"आती है मॅम."

"और ये?"

"ये भी आएगी मॅम. घर में कोई नहीं है."

मला वाटलं आता जा म्हणणार. पण पँट्रीच्या मागं एक खोली होती, गादी टाकलेली, मॅमचा स्वतःचा मुलगा लहान असताना तिथं झोपायचा म्हणे. चहा करणाऱ्या कमलाजी तिथं लक्ष ठेवतील. मॅम म्हणाल्या, "रोने की आवाज़ लाइन पे नहीं जानी चाहिए. बस."

ही खोली आहे म्हणून ओवी माझ्याजवळ आहे, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. अशी खोली देणारं दुसरं ऑफिस मी तरी ऐकलं नाही. आणि सासूबाईंचं म्हणणं पहिल्यापासून एकच, मुलीला इकडे गावाला सोडा. सासूबाई वाईट नाहीत, पण बोलायला लागल्या की थांबत नाहीत. पोरीला ऑफिसात कोंडून ठेवता, चहावालीच्या मांडीवर वाढवता, दिवाळीला याल तेव्हा इथं ठेवूनच जायचं. ओवीचे पप्पा फोनवर लगेच म्हणतात, "हो आई, पक्कं." ते पक्कं ऐकलं की मी ओवीला जवळ ओढते.

आता काम. तिकडची काउन्सिल म्हणजे आपली नगरपालिकाच. कचरा, रस्ते, दिवे, वाचनालय, म्हाताऱ्या माणसांची देखभाल. वॉर्ड असतात, नगरसेवक असतात. मे महिन्यात गुरुवारी मतदान. गुरुवारीच का ते मला माहीत नाही, आमचे टीम लीडर आसिफभाई, त्यांनाही माहीत नाही, आणि त्यांना बाकी सगळं माहीत असतं. पक्षांना तिकडे रंगानं ओळखतात. आमचा रंग कुठला ते लिहायचं नाही, गावाचं नाव पण नाही, मॅमनी सांगितलंय.

फोन लागला की आधी सांगायचं कुठल्या पक्षासाठी बोलतेय. कुठून बोलतेस विचारलं तर भारतातून, खोटं बोलायचं नाही. मग विचारायचं तुमच्या गल्लीत काय अडचण आहे, ते ऐकायचं, आणि शेवटी मत कोणाला देणार. माणूस जे बोलेल तेच टाकायचं, पक्का, नाहीतर डळमळीत, नाहीतर दुसऱ्याचा. आपल्याला काय वाटतं त्याला तिथं जागा नाही. स्क्रीनवर नकाशा असतो. पक्का टाकला की ते घर गडद होतं. एकदा मिळालेली गल्ली बदलत नाही, मतदारांना आवाज ओळखीचा राहिला पाहिजे म्हणून. ऑफिसात आम्ही असंच बोलतो, माझी गल्ली, तुझी गल्ली. चक्करपूरच्या माझ्या गल्लीत मला तीन माणसंसुद्धा ओळखत नाहीत, पण तिकडच्या गल्लीत कोणाचा गुडघा दुखतो ते मला माहीत आहे.

आणि मतदानाच्या दिवशी फोन फक्त पक्क्यांनाच. बाकीच्यांना चुकूनसुद्धा नाही, नाहीतर दुसऱ्याचा मतदार आपणच उठवून पाठवला असं होतं. त्या दिवशी कोणाला देणार हे विचारायचंच नाही. आज मतदान आहे, फोटो असलेलं ओळखपत्र घ्या, जाऊन या. एवढंच.

आसिफभाई पहिल्याच दिवशी म्हणाले, "कच्चा चलेगा, मनीषा. झूठा पक्का नहीं चलेगा. उसको तुम गाड़ी भेज के बुलवाओगी और वो दूसरे को डाल के आएगा."

मी म्हटलं, "पता कैसे चलेगा?"

"जो झट से बोल दे ना, बिल्कुल पक्का, हंड्रेड परसेंट, वो फ़ोन रखना चाहता है. असली पक्का पहले लड़ता है. ये नहीं किया, वो नहीं किया, पंद्रह साल से वोट दे रहा हूँ, क्या मिला. लड़ने दो. बीच में मत बोलो."

मला हसू आलं होतं. पण खरंच आहे ते. जो मनातून आपला असतो तो आधी सगळी तक्रार ओततो. ज्याला टाळायचंय त्याला तक्रारच नसते.

तिकडची तक्रार म्हणजे कचऱ्याचे डबे. आपल्याला वाटतं इंग्लंड म्हणजे काय आणि काय, पण तिथली माणसं डब्यावरून सरकार पाडतील. घरटी तीन-चार डबे, कुठला कधी बाहेर ठेवायचा त्याचं वेळापत्रक, आणि पक्षानं ते बदललं तर माणूस पिढ्यान् पिढ्यांचा पक्ष सोडतो. एक गोरे आजोबा तर मला हिरव्या डब्याचं झाकण कसं तुटलं ते सांगत होते, मला इंग्रजी अर्धंच कळतं, मी येस सर येस सर करत राहिले, शेवटी ते म्हणाले थँक यू लव्ह. मी फोन टाकून आसिफभाईंकडे पळाले. म्हटलं, "भैया, वो बुड्ढा गंदा बोल रहा है."

आसिफभाईंनी रेकॉर्डिंग ऐकलं आणि डोकं टेबलावर ठेवून हसले. "अरे वहाँ सबको बोलते हैं. बस के कंडक्टर को भी बोलते हैं." तेव्हापासून कमलाजी चहा देताना मला थँक यू लव्ह म्हणतात.

एकदा तर मराठी नर्स लागली, सातारची. नाव वाचून मी घाबरत मराठीत बोलले. तर ती लगेच म्हणाली, "तुम्ही कुठल्या हो?" तिला मत देता येतं हेच तिला माहीत नव्हतं. माझा पासपोर्ट भारताचा आहे, मी कशी मत देणार, नंतर व्हिसाचं काही झालं तर. मी सांगितलं, अहो ताई, आपल्या देशाची माणसं तिथं राहत असतील आणि नाव नोंदवलं असेल तर देतात मत, नियमच आहे. तिचा विश्वास बसेना. मला पण आधी बसला नव्हता. आसिफभाईंकडून खात्री करून मी तिला परत फोन केला. ती म्हणाली, "इतकी वर्षं मी मतदानाच्या दिवशी ड्युटी मागून घ्यायचे, मला वाटायचं आपलं काय काम." त्या दिवशी मला घरी जाताना मेट्रोत जरा ताठ बसावंसं वाटलं.

आता जसोदाबा. गुजराती बाई, नवरा गेलेला, मुलगा दुसऱ्या गावात. पहिल्या रिंगला फोन उचलायच्या. सुरुवातीच्या दिवसांत एकदा दार नीट लागलं नव्हतं आणि ओवीचा रडण्याचा आवाज थेट लाइनवर गेला. बा म्हणाल्या, "ए कोण रडे छे?" कोण रडतंय. मी माफी मागायला लागले तर म्हणाल्या, "जा, पहेलां एने लई आव." जा, आधी तिला घेऊन ये. मी मागं आसिफभाईंकडे बघितलं, त्यांनी दुसरीकडे बघितलं. मी ओवीला मांडीवर घेऊन उरलेला फोन केला. तेव्हापासून बांच्या फोनवर ओवी यायचीच. ओवी बोलायला लागली ती आई-बाबा म्हणून नाही. हातात काही पण घ्यायची, रिमोट, पोळी, चप्पल, कानाला लावायची आणि म्हणायची, "केम छो बा."

बांचा नगरसेवकांवर फार राग. बस स्टॉपवरचं बाकडं काढून टाकलं, म्हातारी माणसं उभी राहतात, कोणाला पडलंय. हे सगळं दर वेळी ऐकायचं आणि शेवटी, पण मत मी रमीलाबेनलाच देणार. रमीलाबेन म्हणजे आमच्या पक्षाच्या तिथल्या नगरसेविका. बाकडं त्यांनी परत बसवून घेतलं. तरी बांची तक्रार चालूच, आता ते बाकडं गार लागतं म्हणून. आसिफभाई म्हणाले, "इससे पक्का वोट मैंने नहीं देखा."

रमीलाबेननी एकदा ऑफिसला फोन केला होता, स्पीकरवर. म्हणाल्या, मी दार वाजवायला गेले तर लोक म्हणतात तुमची ती ओवीची आई काल बोलली आमच्याशी. आम्ही सगळ्या हसलो. मॅमनी त्या दिवशी समोसे मागवले.

मग वरचा नेता बदलला. पक्षाचा मोठा नेता, टीव्हीवरचा. त्याचा आमच्या गल्लीशी काय संबंध असं मला वाटलं होतं. पण ते आपल्यासारखंच असतं. नवा नेता आला की त्याची माणसं येतात, ती खालच्या सगळ्यांना परत तपासतात, हा आपला का त्याचा. काउन्सिलमध्ये वाचनालय बंद करायचा ठराव आला होता तेव्हा रमीलाबेननी आपल्याच पक्षाच्या विरुद्ध हात वर केला होता. ते त्यांना आता आठवलं. तिकीट गेलं. डॅनियल म्हणून एका तरुण मुलाला दिलं. रमीलाबेन अपक्ष उभ्या राहिल्या, त्याच वॉर्डात.

आणि आमचं ऑफिस पक्षाचं.

मॅमनी मीटिंग घेतली. "कल से डॅनियल. स्क्रिप्ट बदल गई है. रमीलाबेन का नाम लाइन पे नहीं आएगा."

मी हात वर केला. "मॅम, गली बदलेगी क्या?"

"गली क्यों बदलेगी? तेरी आवाज़ पहचानते हैं, वही तो काम आएगा."

मॅम हे पण म्हणाल्या, मतदानानंतर ज्यांच्या गल्ल्या फिक्या असतील त्यांना कमी करावं लागेल. त्या माझ्याकडे बघून नाही म्हणाल्या. पण कमलाजींच्या मांडीवर ओवी बसली होती आणि मला वाटलं त्या खोलीचं दार कोणीतरी लावतंय.

मी सगळ्यात शेवटी बांना फोन केला. डॅनियलचं नाव घेतलं, वाचनालयाचं सोडून सगळं बोलले. बांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अवाज तो एनो ए ज छे, ने नाम बीजुं?" आवाज तोच आणि नाव दुसरं. "तुं कोनी, बेटा?" तू कोणाची.

मी म्हटलं, "बा, मी नोकरीची."

बांनी विचारलं, मी नाही म्हटलं तर तुझं काय होईल. मी मुद्दाम नाही बोलले, देवाशपथ, तोंडातून गेलं. की गल्ली फिकी पडली तर माझी गल्ली जाईल, नोकरी जाईल, मग ओवीला सासूबाईंकडे गावाला ठेवावं लागेल. बोलले आणि जीभ चावली.

बा म्हणाल्या, "पाक्कुं लख." पक्कं लिही.

"बा, पण मत?"

"मत कोने आपवो ए मारी वात छे. तें पूछ्युं, में कीधुं. लख." मत कोणाला द्यायचं ती माझी गोष्ट. तू विचारलंस, मी सांगितलं.

एकदम सांगितलं त्यांनी. बाकड्याचं नाही, डब्याचं नाही, एक तक्रार नाही. मला कळलं हे काय आहे ते. पण नियम काय, बोलतील ते टाकायचं. घर गडद झालं.

रविवारी त्यांच्याकडे मंदिरात जेवण असतं, बा पण जातात. सोमवारी मी फोन लावायला लागले तर पहिलीच बाई म्हणाली, पाक्कुं लख, अने छोकरीने साचवजे. मुलीला सांभाळ. पुढची म्हणाली, पाक्कुं. तिच्या पुढचे काका, ज्यांनी कधी मला दोन वाक्यं पुरी करू दिली नव्हती, ते म्हणाले, हां हां, पाक्कुं, ओवीनी मम्मी ने? त्या गल्लीतली सगळी म्हातारी माणसं एकापाठोपाठ एक पक्की झाली, कोणी भांडलं नाही, कोणी डब्याचं बोललं नाही. माझी गल्ली इतकी गडद झाली की मॅमनी नकाशा मोठ्या स्क्रीनवर लावला. "देखो, इसको बोलते हैं काम."

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मग आसिफभाईंना सांगितलं, "भैया, ये सब झूठे हैं. एक भी लड़ा नहीं."

त्यांनी स्क्रीनवर माझी गल्ली उघडली. "बोला क्या उन्होंने? पक्का?"

"हाँ."

"तो पक्का. मन का कॉलम फॉर्म में नहीं है." मग हळूच म्हणाले, "मॅडम को भी ऊपर दिखाना है, मनीषा. ऊपर वालों को भी आगे किसी को दिखाना है."

मतदान येईपर्यंत मला झोप धड नव्हती. ओवीला रात्री कुशीत घेतलं की वाटायचं हे आता किती दिवस. ओवीचे पप्पा म्हणायचे, "अगं, तू तुझं काम केलंस, घाबरतेस कशाला?" त्यांना कसं सांगू. डॅनियल जिंकला तर या सगळ्या माणसांनी माझ्यासाठी रमीलाबेनला पाडलं. रमीलाबेन जिंकल्या तर मॅम विचारणार, तुझे पक्के कुठं गेले. दोन्हीकडून मलाच लागणार होतं.

गुरुवारी दुपारपासून आम्ही फोन करत होतो. तिकडे सकाळ. सगळे पक्के, सगळ्यांना आठवण. आज मतदान आहे, ओळखपत्र घ्या, पाऊस असेल तर छत्री घ्या. मी एक घर सोडलं नाही. कोणाचं नाव घ्यायचंच नसतं त्या दिवशी, त्यामुळे त्या दिवसाएवढं मोकळं मी कधी बोलले नाही. जसोदाबांनी पहिल्या रिंगला उचलला. म्हणाल्या, कोट घालून बसलेय, तुझ्याच फोनची वाट बघत होते. ओवीला दे म्हणाल्या. ओवी म्हणाली केम छो बा. मग बा मत द्यायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी निकाल. पक्ष बऱ्याच ठिकाणी आपटला होता, आणि आमच्या वॉर्डात रमीलाबेन जिंकल्या. आमच्याच फोननी, आमच्याच आठवणीनं. कमलाजी चहा देऊन गेल्या, त्या दिवशी थँक यू लव्ह पण नाही.

मॅमनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी ओवीला कडेवर घेऊनच गेले. का ते माहीत नाही, एकटीनं जायची हिंमत नव्हती. मॅमच्या समोर माझी गडद गल्ली उघडी होती.

"ये सारे पक्के किधर गए, मनीषा?"

"मॅम, वोट डालने गए."

मॅमनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ओरडणार. ओवीनं टेबलावरचा स्टेपलर उचलून कानाला लावला. मॅमच्या तोंडाचा कोपरा हलला. "हाँ. गए तो." मग खुर्चीत मागं टेकल्या. "ऊपर क्या बोलूँ मैं?"

"जो बोला वो लिखा मॅम."

"मैं भी यही बोलूँगी. जो लिखा था वो दिखाया." त्यांनी नकाशा बंद केला. तेव्हा मला कळलं की मॅमना पण आधीपासून माहीत होतं. मला बरं वाटलं आणि जास्तच भीती वाटली. मॅम घाबरत असतील तर मग माझं काय.

निकाल लागल्यावर तिकडे वरच्या नेत्याचं डळमळायला लागलं. तिकडे तसंच असतं, नगरपालिका हरल्या की पक्षवाले नेत्याकडे बघायला लागतात. पँट्रीतल्या टीव्हीवर आसिफभाई इंग्लंडच्या बातम्या लावून ठेवतात. एकेक मोठे खासदार बाहेर येऊन माइकसमोर सांगत होते, आम्ही पूर्णपणे नेत्याच्या पाठीशी आहोत. इंग्रजी मला अर्धंच कळतं पण सूर कळला. चटकन बोलून गाडीत बसायचे. मी ओवीला वरणभात भरवत होते. म्हटलं, "गया ये."

आसिफभाई म्हणाले, "कैसे?"

"एक भी लड़ा नहीं."

ते हसले. पण पुढे तो नेता गेलाच. एका वर्षात गेलेला हा दुसरा. आता तिसरा आलाय, त्याची माणसं आलीत, ती आता आम्हाला तपासतायत. ऐकलंय की ते मशीनचा आवाज घेणार आहेत, मशीन गुजराती पण बोलतं म्हणे, चोवीस तास, आणि त्याला मूल नसतं. जसोदाबा त्या मशीनला बाकड्याचं सांगतील का, आणि मशीन ऐकेल का, मला माहीत नाही. तोपर्यंत आम्ही जुने नंबर बरोबर आहेत का तेवढं बघतोय. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या आहेत. आसिफभाई अजून आहेत.

मागच्या आठवड्यात मी न राहवून मॅमना विचारलं. दाराशीच उभी राहून. "मॅम, दिवाळी के बाद मैं रहूँगी ना?"

"अरे हाँ यार, तू टेंशन मत ले. तेरा तो बिल्कुल पक्का है." आणि फोन उचलला त्यांनी.

मी खोलीत जाऊन ओवीची गादी गुंडाळली. परत पसरली. कमलाजींनी विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही.

आणि परवा सासूबाईंचा फोन. मला वाटलं, आता दिवाळीचं विचारणार, कपडे किती आणणार मुलीचे. मी आधीच रडवेली.

"काय गं, त्या तुमच्या चक्करपूरच्या खोलीत उजेड तरी येतो का?"

"येतो आई, थोडा."

"थोडा. आणि पाणी खालून आणावं लागतं ना? माझे गुडघे बघितलेस का तू? तिकडची ती थंडी, लोक मरतात म्हणे थंडीनं. आणि मला हिंदी येत नाही. दूधवाल्याशी काय बोलायचं मी, हातवारे करायचे? शेजारपाजार कसला आहे, कोणाला विचारायचं काही लागलं तर? इथं म्हशीचं कोण बघणार, तुझा दीर? त्याला स्वतःचं ताट उचलता येत नाही. आणि तुझा नवरा, पक्कं पक्कं म्हणतो, लहानपणापासून तेच, एक गोष्ट केली नाही त्यानं पक्कं म्हणून."

मी फोन घट्ट धरला. "आई, तुम्ही इकडे येताय का?"

"मी असं म्हटलं का? कधी म्हटलं? नसतं काढू नकोस तोंडातून माझ्या." मग थोडं थांबून, "पोरगी भाकरी खाते का? का नुसतं ते बिस्कीट देतेस? मी आले तर बिस्कीट बंद, सांगून ठेवते."

"तिकीट बघायला सांगू का ह्यांना?"

"तिकीट काढ म्हटलं का मी? उगाच काहीतरी. मला वरच्या बर्थवर चढता येत नाही, एवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं. आणि मागच्या वेळेसारखा दारापाशीचा नको, रात्रभर वारं लागतं. आणि ती खिडकी…"

मी गप्प राहिले. माणूस असं भांडत असताना मधे बोलायचं नसतं. ओवी माझ्या हातातून फोन ओढत होती, केम छो बा, केम छो बा करत, आणि पलीकडे सासूबाईंचं खिडकीचं अजून चालूच होतं.